आभाळी, नभाळी आणि अबोलिमा: कास पठारावरील एक सकाळ

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील एका मंगळवारी आम्ही तिघे पहाटे साताऱ्याहून निघालो आणि यवतेश्वरचा घाट चढून, प्रवेश सुरू होण्याच्या वेळीच कास पठारावर पोहोचलो. तेरड्याचे आणि सोनकीचे गालिचे पाहण्याचा योग यापूर्वी आला होता. या वेळी मात्र केना या रानवनस्पतीच्या कुळातील, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलांची ओळख जागेवरच पक्की करून घ्यावी, एवढाच हेतू मनात होता. माझ्या जुन्या छायाचित्रांपैकी निम्म्यांवर ‘आभाळी’ असे लिहिलेले आहे आणि त्यातील बरीचशी आभाळी नाहीत, हे मला मागील वर्षीच कळले होते.

आभाळी म्हणजे सायनोटिस ट्युबरोजा आणि नभाळी म्हणजे सायनोटिस फॅसिक्युलाटा. दोन्हींच्या फुलांत सहाही पुंकेसर कार्यक्षम असतात आणि त्यांच्या तंतूंवर निळसर-जांभळ्या केसांचा झुपका असतो, त्यामुळे केवळ फुलाचे जवळून घेतलेले छायाचित्र पाहून निर्णय करणे धोक्याचे ठरते. फरक पाहायचा तो खाली, जमिनीलगत. आभाळी ही जाड, गाठाळ मुळांवर वर्षानुवर्षे जगणारी वनस्पती आहे. तिची लांब, पट्टीसारखी पाने बुंध्याशी एकत्र येतात आणि फुले विळ्यासारख्या वाकलेल्या, दोन ओळींत एकमेकांवर चढलेल्या छदांमधून (फुलांखालच्या पानासारख्या भागांमधून) डोकावतात. नभाळी त्या मानाने लहानखुरी व नाजूक असते. तिच्या बुंध्याशी तसा पानांचा जुडगा नसतो, पाने आखूड असतात आणि अंगावर कापसासारखी पांढुरकी लव इतकी दाट असते की दवात भिजलेले झाड दुरून राखाडी दिसते. कातळाच्या भेगेत, जेमतेम बोटभर मातीत आम्हाला नभाळीच अधिक दिसली. गवताळ, जरा खोल मातीच्या भागात आभाळी होती. अधिवासाचा हा संकेत उपयोगी आहे, पण तोच एकमेव पुरावा मानू नये.

अबोलिमा, म्हणजेच मर्डानिया लॅन्युजिनोजा, फिकट अबोली रंगामुळे लगेच ओळखू येते. तिच्याच मर्डानिया प्रजातीतील निळ्या-जांभळ्या भगिनी मात्र घोटाळा करतात. तेथे पुंकेसर मोजावेत. मर्डानियात दोन किंवा तीनच पुंकेसर परागकण देतात आणि उरलेल्या वांझ केसरांची टोके तीन भागांत विभागलेली असतात. तसेच तिच्या पाकळ्या सुट्या असतात, तर सायनोटिसच्या खालच्या बाजूस जुळून नळी होते. हे पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे. पाकळ्या एकाच दिवसाच्या सोबती असतात आणि नेहमीचा केना तर दुपारपर्यंत मिटतोही, म्हणून सकाळची वेळ दवडू नये.

छायाचित्रे घेताना एकाच झाडाची चार तरी घ्यावीत: बुंध्यासह पूर्ण झाड, पानाचा खोडाला वेढणारा तळ, फुलोरा बाजूने आणि फूल समोरून. मूळ पाहण्यासाठी झाड उपटू नये. बुंध्याजवळचे गवत हलकेच बाजूला केले तरी पुरते. आमच्यासोबत आलेल्या गावातील मार्गदर्शक दादांनी सुरुवातीलाच सांगितले, “ताई, पाय उघड्या कातळावर ठेवा, ओल्या मातीवर नको.” त्याचे कारण गुडघे टेकून वाकल्यावर समजले. आमच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीला चिकटलेल्या चक्राकार पानांची दवबिंदू ही वनस्पती होती, आणि तिच्याच शेजारी उभट, रेषेसारख्या पानांचा गवती दवबिंदू. दोन्ही कीटकभक्षी असून इतके लहान आहेत की उभ्याने चालणाऱ्यास ते दिसतच नाहीत.

सुमारे १२०० मीटर उंचीवरील या जांभ्याच्या पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत झाला. हंगामात प्रवेशसंख्या मर्यादित असते, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावेत. धुके व पाऊस केव्हाही येतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. वेळ उरल्यास राजमार्ग नावाच्या वाटेने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जावे. तेथील झालरदार पाकळ्यांची पांढरी फुले अनेकांना कमळाच्या जवळची वाटतात, परंतु कुमुदिनीचे कूळ वेगळे आहे. आम्ही परतलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि वाटेवरची केन्याची फुले मिटली होती.