ढगाळ आषाढात लोणारच्या काठी: गाडीची पावसाळी नोंद

विदर्भाला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याचा काठ आहे. ट्रॅव्हलरवर बांधलेली आमची कॅम्परव्हॅन पावसात किती तग धरते ते बघायचं होतं, म्हणून आषाढात, ऐन बिगरहंगामी, ती लोणारला नेली. समृद्धीवरून मेहकरला उतरलो आणि सुलतानपूरमार्गे पुढे गेलो. आभाळ दिवसभर भरलेलं, ऊन औषधालाही नाही.

आधी विजेचं. छतावर 200 वॅटचं पॅनल आहे. कडक उन्हात ते दुपारी 140-150 वॅट देतं, त्या दिवशी आकडा 30 च्या वर चढला नाही. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि दिवसभर चालणारा फ्रिज एवढ्यावर भागत नाही. तारलं ते अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून, बॅटरी भरणाऱ्या 30 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरनं. तासभर गाडी चालली की जवळपास तेवढे अँपिअर-अवर परत जमा. पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी दुसऱ्या पॅनलवर पैसे घालण्याआधी हा चार्जर बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

गाडी कुठं लावायची हा मात्र खरा प्रश्न. रस्त्याकडेला एक मोकळं, सपाट रान दिसलं. बाजूच्या धुऱ्यावरून एक काकाजी हात हलवत आले. "इथं नोका लावू बावा. काई माती हाय. रात्री पानी आलं तं सकाळी बैलं जुपा लागतीन." काळ्या मातीवर वरून पापुद्रा दिसतो, पण पाणी मुरलं की ती फुगते आणि चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. त्यांनीच पुढं मुरमाची जागा दाखवली. रात्री धो-धो कोसळला, तरी मुरमावरून गाडी सकाळी सहज निघाली.

आता सरोवर. गावाकडून जाताना रस्ता हळूच चढतो. उल्केच्या आघातानं उखडलेले थर कडेला उचलले गेले, त्यामुळे काठ भोवतालच्या शेतांपेक्षा सुमारे 20 मीटर उंच आहे. वर पोचलं की समोर 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आणि तळाशी हिरवट पाणी. उन्हात पाणी नुसतं चकाकतं. ढगाळ उजेडात उतारावरचे लाव्हाचे थर एकावर एक वेगळे दिसतात, म्हणून माझ्या मते लोणार बघायला असाच दिवस हवा. बेसाल्टातली अशी विवरं जगात मोजकीच आहेत.

धारेवरचं, म्हणजे काठावरच्या झऱ्याचं, पाणी गोडं. तिथून पायवाटेनं खाली उतरलो. शेवाळलेले दगड, सागाची ओली पानं, मोरांचा ओरडा. काठाजवळ गंधकासारखा उग्र वास सुरू होतो. गाडीतून हळद लावलेला कागद नेला होता. पाण्यात टेकवताच पिवळा रंग लालसर तपकिरी झाला. पाणी अल्कधर्मी, त्यात सूक्ष्मजीव भरपूर. 2020 च्या जूनमध्ये याच पाण्याला गुलाबी रंग चढला होता, तोही खारटपणा वाढल्यावर फोफावलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. वर गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. ओल्या दगडावरची शिल्पं फार उठून दिसतात.

संध्याकाळी गाडीत ओल. काचांना आतून पाणी सुटलं. छताचा पंखा सर्वांत कमी वेगावर आणि समोरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली, तेव्हा पहाटेपर्यंत काचा कोरड्या झाल्या. गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट घातल्यापासून खालून ओल धरत नाही. राहिलेलं काम एकच: पाऊस तिरका आला की पंख्याच्या झाकणातून थेंब येतात, त्यावर पत्र्याची टोपी करून घ्यायची आहे.

पुढचा टप्पा सिंदखेडराजा. त्या बाजूला मुरमाची पक्की जागा कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, सोबत रात्री पाणी भरायची सोय असली तर उत्तमच.