तुम्ही विचारलंत म्हणून: झोप लागते का?

मी अमेरिकेत आरोपींचा बचाव करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, म्हणजे ज्यांना शिक्षा झालीय आणि वकील परवडत नाही त्यांची अपिलं आमच्याकडे येतात, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. "अगं मग गुन्हेगारांना सोडवता? झोप कशी लागते तुला?"

लागते. ब्रीफ, म्हणजे अपिलातला लेखी युक्तिवाद, फाइल करायच्या आदल्या रात्री लागत नाही, पण त्याचं कारण वेगळं.

कसंय, त्यानं केलं की नाही हा प्रश्न अपिलात फारसा येतच नाही, तिथे ना ज्युरी ना नवे साक्षीदार ना नवा पुरावा, खालच्या कोर्टात जे झालं ते नियमाप्रमाणे झालं का एवढंच बघायचं, सहसा तीन जज आणि तेही फक्त रेकॉर्डवरून. रेकॉर्डमधे नाही ते घडलंच नाही. म्हणून माझा सगळा दिवस ट्रान्सक्रिप्टमधे, म्हणजे खालच्या कोर्टात बोललेल्या शब्दाशब्दाच्या नोंदीत जातो, कधी हजार कधी दोन हजार पानं, कुठे ऑब्जेक्शन घेतलं, कुठे घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही, कुठलं एक्झिबिट (कोर्टात दाखवलेला पुरावा) गायब आहे, आणि वकिलानं ब्रीफमधे लिहिलेला प्रत्येक पान नंबर बरोबर आहे का. कंटाळवाणं आहे हो, पण मला आवडतं.

ही पानं फुकट मिळतात तेही आपोआप झालेलं नाही. ट्रान्सक्रिप्ट घ्यायला पैसे नाहीत म्हणून कोणाचं अपील अडवता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1956 मधे ग्रिफिन विरुद्ध इलिनॉय या केसमधे सांगितलं. आणि 18 मार्च 1963 ला गिडिअनचा निकाल आला, गरीब आरोपीला वकील द्यायचा तो, त्याचं नाव सगळे घेतात, पण त्याच दिवशी डग्लस विरुद्ध कॅलिफोर्नियाचाही आला की पहिल्या अपिलातही वकील द्यायलाच हवा, तो कोणाच्या लक्षात नसतो, माझी नोकरी मात्र त्याच्यावर उभी आहे.

बाकी वेळ पत्रांना उत्तरं. कायद्याचा सल्ला मी देऊ शकत नाही, तो वकिलानंच द्यायचा, त्यामुळे "माझं काय होईल" याचं उत्तर माझ्याकडे नसतं, कागद आले, मुदत वाढवून मागितली, एवढंच लिहिते. पण क्लायंट लोक आपलं ट्रान्सक्रिप्ट आमच्यापेक्षा बारकाईनं वाचतात हं. एकानं (तपशील मुद्दाम गाळतेय) लिहिलं, ज्युरीनं आत चर्चा चालू असताना जजला दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, तुमच्या यादीत एकच आहे. मला वाटलं गल्लत करतोय. तरी कोर्टाच्या क्लार्कला फोन केला, परत केला, आणि निघाली की, दुसऱ्याच कुठल्या पाकिटात.

मुद्दा ब्रीफमधे गेला. कोर्ट म्हणालं, जजनी चिठ्ठीला दिलेलं उत्तर चुकलं खरं, पण त्यानं निकालात फरक पडला नसता. याला हार्मलेस एरर म्हणतात, आमच्या ऑफिसात या दोन शब्दांवर कोणी हसत नाही.

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं, त्या दुसऱ्या चिठ्ठीची झेरॉक्स मिळेल का म्हणून. वकिलांना विचारून त्याच दिवशी पाठवली.