चिंध्यांचे एवढे पैसे?

"ताई, कापड जुनं, लाकूड पाडलेल्या वाड्याचं. म्हणजे फुकटच की! मग अठरा हजार कशाचे?" प्रदर्शनात दिवसातून दोनदा तरी हे ऐकते. सागाच्या पट्ट्यांवर जुनी लुगडी ताणून मी भिंतीवर लावायची चित्रं करते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फुकट यातलं काहीच नसतं.

लुगडी देते आमची बोहारीण. स्टीलच्या डब्यावर घेतलेली असतात, त्यामुळे तीही घासाघीस करते. करावीच. घरी आणून रिठ्यात भिजवायची, वाळवायची आणि मग उजेडासमोर धरायची. बसून बसून मधला भाग चाळणीसारखा झालेला, घडीघडीवर चिरलेलं. इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी. विणतानाच धाग्यात धागा अडकवून जोडलेला तो सांधा मात्र बहुतेक वेळा शाबूत निघतो. मी तो कधीच कापत नाही. नऊ वारांतून दीड वार धड निघालं तर नशीब. विरलेलं थरावर थर ठेवून गोधडीसारखं धावदोऱ्याने शिवते, तेव्हा कुठे ते ताण सोसतं.

लाकूड टिंबर मार्केटातून. तुळईचा तुकडा आणला की आधी चुंबक फिरवायचं. हातघडणीचे चौकोनी खिळे आत मोडून बसलेले असतात. एक नजरेतून सुटला की करवतीचं पातं गेलं. कडेचं पांढरं लाकूड भुंग्याने पोखरलेलं, ते तासून टाकायचं. मग गाभ्यावर रंधा फिरला की इतक्या वर्षांनीही तो तेलकट, चामड्यासारखा वास सुटतो. (त्या वासाचे पैसे मी लावत नाही.)

एकदा दिसायला छान म्हणून एक खिळा तसाच ठेवला होता. पावसाळ्यात वरच्या पांढऱ्या लुगड्यावर काळा डाग उमटला. सागातलं टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की शाईच तयार होते. चित्र परत आलं, पैसेही परत दिले. तेव्हापासून लाकडाला लाखेचे दोन हात देते आणि मध्ये मांजरपाटाचं अस्तर घालते.

परवा बोहारणीनेच विचारलं, "ताई, या फाटक्याचं करता तरी काय?" मोबाईलवर फोटो दाखवला, किंमतही सांगून बसले. पुढच्या लुगड्याला तिने पन्नास रुपये वाढवले. मी मुकाट्याने दिले.