सर, चादरीला भावना असतात का?

परवा रात्री पोरगी झोपल्यावर एकदाचा 'थिएटर कॅम्प' बघितला. २०२३ चा पिक्चर आहे, मॉली गॉर्डन आणि निक लीबरमन या दोघांनी डिरेक्ट केलेला, आधी २०२० मध्ये यांनीच त्याची शॉर्ट फिल्म केली होती. डॉक्युमेंटरी असल्याचा आव आणणारी कॉमेडी. मी इतका हसलो की बायको आतून म्हणाली, अहो हळू, शेजारचे काय म्हणतील.

स्टोरी म्हणाल तर न्यूयॉर्क राज्यात डोंगरात कुठंतरी पोरांचा उन्हाळी नाटक कॅम्प असतो, तो चालवणारी जोन बाई सुरुवातीलाच एका शाळेचं नाटक बघताना लुकलुकणाऱ्या स्ट्रोब लाईटनं फिट येऊन कोमात जाते. मग कॅम्प येतो तिच्या पोराकडं, ट्रॉय नाव त्याचं, बिझनेसचे व्हिडिओ बनवणारा, नाटकातलं ओ की ठो कळत नाही. पैसे संपलेत, शेजारचा श्रीमंत कॅम्प जागा गिळायला टपलाय, आणि या सगळ्यात एमॉस आणि रेबेका-डायान हे दोन मास्तर ठरवतात की यंदाचं नवीन म्युझिकल कोमातल्या जोनवरच करायचं. बाई अजून जिवंत आहे बरं का.

त्यातला एक सीन मी तीनदा मागं घेऊन बघितला. एका पोरीच्या डोळ्यातून तालमीत छान पाणी येतंय, आणि मग कळतं की तिच्याकडं टिअर स्टिक आहे, म्हणजे डोळ्याखाली लावायची मेंथॉलची कांडी. झालं! डोपिंगमध्ये खेळाडू पकडल्यासारखी तिची झडती. आपल्याकडं सिरियलवाले ग्लिसरीन लावून रोज रात्री साडेसातला रडतात आणि घरोघरी आया त्यांच्यासोबत रडतात, कुणाचं काय बिघडलंय? आणि ती जॅनेट, बायोडेटात थापा मारून आलेली, तिला स्टेजवरची मारामारी शिकवायला लावलीय. आयो एडेबिरीनं काम मस्त केलंय. अशी एक जॅनेट प्रत्येक शिबिरात असतेच.

आमच्याही होती. बारावीच्या सुट्टीत मी आणि माझा एक दोस्त दहा दिवसांच्या अभिनय शिबिराला गेलो होतो. सोलापूर, मे महिना, शाळेचा हॉल, तीन पंखे त्यातला एक चालू. शिकवायला मुंबईचे एक सर, नाव नाही सांगत. पहिले दोन दिवस आम्ही शहाबादी फरशीवर अनवाणी नुसतं चाललो. 'अवकाश अनुभवायचा' होता, आम्ही गारवा अनुभवला. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, तुमच्या मातीतली एकेक वस्तू व्हा. मग काय, एक जण कडक भाकरी, एक जण शेंगा चटणी (तो नुसता थरथरत होता), आणि मी आणि दोस्त चादर.

दोस्ताच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात, लूम, म्हणजे चादरी विणायचा माग. त्याला चादर म्हणजे काय हे सरांपेक्षा जरा जास्तच माहीत. त्यानं हात वर करून विचारलं, सर, चादरीला भावना असतात का? सर डोळे मिटून म्हणाले, तू डोक्यात आहेस, शरीरात ये. हा म्हणतो, शरीरातच हाय की सर, अजून कुठं जाऊ? तेवढ्यात माझ्या कानात, का बे, तू घडी घालून पडलायस का अंथरून? मला हसू फुटलं आणि आम्ही दोघं बाहेर.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पाचव्या दिवशी सरांनी काढली 'भावनिक स्मृती', म्हणजे आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा क्षण आठवा आणि तो आत्ता जगा. सतरा-अठरा वर्षांची पोरं आम्ही. एक मुलगी खरंच रडायला लागली, थांबेचना, आणि सर शेजारी उभं राहून म्हणतायत, सुंदर, सुंदर, सोडू नकोस. शेवटी चहावाल्या मावशींनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. कितीतरी वर्षांनी वाचण्यात आलं की ज्या स्तानिस्लावस्कीचं, म्हणजे अभिनय शिकवणाऱ्या त्या रशियन गुरूचं, नाव सर दर दहा मिनिटांनी घेत होते तो स्वतःच या प्रकारापासून लांब गेला होता. अमेरिकन नटी स्टेला अ‍ॅडलर १९३४ मध्ये त्याला पॅरिसमध्ये भेटली तेव्हा त्याचा भर होता शारीरिक कृतीवर, दिलेल्या प्रसंगात माणूस हातानं नेमकं काय करतो यावर, आणि तिनं अमेरिकेत परत जाऊन आपल्या नाटकाच्या ग्रुपला ते सांगितल्यावर तिथं चांगलीच वादावादी झाली. म्हणजे १९३४ ची बातमी आमच्या हॉलपर्यंत काही पोचली नव्हती!

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं दोन मिनिटं काहीतरी करून दाखवायचं होतं. दोस्त उठला, काही बोललाच नाही. लूम बंद केल्यासारखा हात केला, वाकला, ताण्यातला तुटलेला धागा शोधला, बोटं ओठाला लावून ओली केली, चिमटीत धरून गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं, आणि लूम परत चालू. त्याचा बाप दिवसातून शंभरदा करायचा तेच. हॉलमध्ये चिडीचूप. सर म्हणाले, एनर्जी कमी पडतेय.

आता कुणी म्हणेल शिकवणं-बिकवणं सगळं थोतांड. आमच्याच जिल्ह्यात केमचा सोमनाथ अवघडे हलगी वाजवायचा आणि त्याला 'फँड्री'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अकलूजच्या रिंकूचं तर सगळ्यांना माहितीय. पण अतुल कुलकर्णी पण सोलापुरातच हौशी नाटकं करत होता आणि मग रीतसर दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाऊन शिकून आला, त्याचं काय करायचं? पिक्चर पण शिकवण्याला शिव्या देत नाही. मॉली गॉर्डन आणि त्यातला एमॉस म्हणजे बेन प्लॅट हे लहानपणापासून एकत्र नाटकं करत आलेत, त्यामुळं ही घरातल्या माणसानं घरातल्यांची केलेली टिंगल आहे. ट्रॉयचा धंद्याचा भाग मात्र मला बोअर झाला, आणि शेवट जरा जास्तच गोड. पण बॅकस्टेजला राबणारा ग्लेन शेवटी स्टेजवर येतो तेव्हा मला सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेला विंगेत उभी राहणारी आमची पोरं आठवली, ज्यांना सगळ्यांचे डायलॉग पाठ असायचे.

दोस्ताला मेसेज केला, बघ म्हणून. त्याचा रिप्लाय, काय बे, चादर आटली का अजून तशीच हाय?

तो मेसेज सकाळी पोरीनं वाचला आणि मागंच लागली, बाबा चादर करून दाखवा. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो हो, चाळिशी आलीय, कंबर दुखते. तरी झोपलो फरशीवर, हातपाय ताणून, श्वास सोडून, अगदी मन लावून. ती दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, चादर एवढी छोटी नसते बाबा, हा टॉवेल झालाय.