सिरियलाइज केलेल्या रकान्यातून गाव शोधताना

बेळगावहून खेड्यापाड्यांत माल पोचवणाऱ्या गाड्यांची नोंद पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते. गाडी जिथे थांबते त्या गावांवर फॉर्ममध्ये टिक करायची, आणि सगळी टिक एकाच रकान्यात सिरियलाइज होऊन, म्हणजे अख्खी यादी एका सलग मजकुरात बांधून, बसायची. अमुक गावाला कोणत्या गाड्या जातात, एवढंच मला त्यातून काढायचं होतं.

शोधायला एसक्यूएलचं (डेटाबेसला विचारायच्या भाषेचं) लाइक लावून आजूबाजूला टक्क्याची, म्हणजे 'इथे काहीही चालेल' अशी, चिन्हं दिली, तर 'कंग्राळी' म्हटल्यावर बुद्रुक आणि खुर्द दोन्ही हजर. साठवलेला मजकूर असा दिसतो: एस:40:"कंग्राळी खुर्द", म्हणून दोन्हीकडची अवतरणचिन्हं धरून पूर्ण नाव शोधायचं, मग नेमकं तेच गाव मिळतं.

नावाऐवजी गावाचा क्रमांक साठवला असेल तर जास्त जपावं लागतं. अ‍ॅरेतला (यादीतला) अनुक्रमांक आणि त्यातली किंमत दोन्ही आय:1; (आय म्हणजे पूर्णांक) असेच लिहिले जातात. गाव क्रमांक 1 शोधलं की दोन किंवा जास्त थांबे असलेली प्रत्येक गाडी येते, कारण मोजणी 0 पासून, म्हणून दुसऱ्या थांब्याचा अनुक्रमांकच 1. फॉर्ममधून आलेली किंमत मुळात स्ट्रिंग (मजकूर) असते, म्हणजे एस:1:"1". आणि ती अवतरणासह नीट सापडते. पण मधेच कोणी इंटव्हॅल (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) घातलं की जुन्या नोंदी एका प्रकारच्या, नव्या दुसऱ्या. दोन्ही तपासाव्याच लागतात.

तो 40 हा आकडा अक्षरांचा नाही, बाइटचा. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, 3 बाइटचं. 13 चिन्हांचे 39 आणि मधल्या जागेचा 1. हे हिशेबात धरलं की बिघाड लगेच सापडतात. 'बेळगाव' 18 बाइट. आकडा 21 दिसला तर 'बेळगांव' असं अनुस्वारासह लिहिलंय, किंवा कुठून तरी कॉपी करताना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक आत शिरलाय. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, शोध मात्र रिकामा येतो. असं नाव आधी साफ करायचं.

पण साफ करायला एसक्यूएलचं रिप्लेस वापरू नका, ही कळकळीची विनंती. 'बेळगाव'चं 'बेळगावी' केलं तर मजकूर 21 बाइटचा होतो, आकडा 18 च राहतो, आणि अनसिरियलाइज (मजकूर उघडून पुन्हा यादी करणारं फंक्शन) फॉल्स देऊन त्या गाडीची सगळी गावं घालवतं. पीएचपीत उघडा, बदला, पुन्हा सिरियलाइज करा. रकाना व्हारचार 255 (जास्तीत जास्त 255 अक्षरांचा) असेल आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी नोंद नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर लांब यादी शेवटी कापली जाते. पूर्ण यादी महिरपी कंसाने संपते, म्हणून जिच्या अखेरीस तो नाही अशी प्रत्येक नोंद वेगळी काढून हाताने बघावी.

एवढं करूनही सुरुवातीच्या टक्क्यामुळे इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लागत नाही, दर वेळी पूर्ण टेबल वाचलं जातं. म्हणून शेवटी वेगळं टेबल केलं: गाडी क्रमांक, गाव क्रमांक, दोन्ही मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), आणि गाव आधी धरून दुसरा इंडेक्स. अनसिरियलाइज करताना अलाउड क्लासेस फॉल्स ठेवलं, म्हणजे मजकुरातून ऑब्जेक्ट तयार होत नाहीत. एकाच अ‍ॅरेत तेच गाव दोनदा आलं तर की अडवते, म्हणून आधी अ‍ॅरे-युनिक (दुबार किमती काढणारं फंक्शन) लावलं. दोन्ही गावांना जाणारी गाडी हवी असेल तर गावांवर इन (यांपैकी कोणतंही), गाडीवर ग्रुप बाय (गाडीनुसार गट), हॅविंग काउंट 2 (गटात दोन ओळी).

जेसन (याद्या मजकुरात लिहायची एक पद्धत) रकानाही चालतो. मायएसक्यूएल 8.0.17 पासून त्यावर मल्टी-व्हॅल्यूड (यादीतल्या प्रत्येक किमतीचा) इंडेक्स मिळतो. मारियाडीबी या मायएसक्यूएलमधून निघालेल्या डेटाबेसात मात्र जेसन म्हणजे लाँगटेक्स्टच (साधा लांब मजकूर). गाड्यांच्या कामाला साधं टेबलच बरं पडलं. जुना रकाना लगेच काढला नाही. प्रत्येक गाडीचे अ‍ॅरेतले थांबे आणि नव्या टेबलातल्या ओळी जुळल्या, मगच तो उडवला.