ब्रिटिश निवडणूक नकाशा १८८०–१८९५ : बिनविरोध जागांचा प्रश्न सुटला, मुंबईचा लेयर सुरू केला

मंडळी, मागच्या नोंदीनंतर काम चांगलंच पुढे सरकलं आहे. १८८५, १८८६ आणि १८९२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांचे मतदारसंघ नकाशावर बसले. १८९५ मधलं इंग्लंड आणि आयर्लंड झालं, स्कॉटलंड आणि वेल्स हाताशी आहे. १८८० मुद्दाम बाजूला ठेवली आहे, कारण तिचा नकाशाच वेगळा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. १८८४ च्या कायद्याने ग्रामीण भागातल्या घरधारक पुरुषांनाही शहरातल्यांसारखा मताधिकार मिळाला आणि मतदार तीस लाखांच्या आसपास होते ते पंचावन्न लाखांवर गेले. पाठोपाठ १८८५ च्या कायद्याने जागांची नव्याने वाटणी झाली. एकूण जागा ६७० आणि बहुतेक ठिकाणी एका मतदारसंघाचा एकच सभासद. या सीमा १९१८ पर्यंत टिकल्या. म्हणजे क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा सीमा नीट आखल्या की १८८५ पासून डिसेंबर १९१० पर्यंतच्या आठही सार्वत्रिक निवडणुका त्याच शेप फाइलवर चढवता येतात. छंदाला वेळ मोजूनमापून मिळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मोठीच सोय आहे.

आता मुख्य विषय, बिनविरोध जागा. आपल्यापैकी बहुतेक जण पक्षांना मिळालेल्या मतांच्या टक्केवारीवरून रंग गडद-फिका करतात. या काळासाठी ती पद्धत मी सोडून दिली आणि इतरांनीही सोडावी असं माझं ठाम मत आहे. १८८५ मध्ये बिनविरोध जागा अवघ्या ४३ होत्या, पुढच्याच वर्षी त्या २२४ झाल्या. १८९२ मध्ये ६३, १८९५ मध्ये १८९. १८८६ ला जवळजवळ एक तृतीयांश सभागृह एकही मत न पडता निवडून आलं. पार्नेलच्या नेतृत्वाखालच्या आयरिश पार्लमेंटरी पार्टीला (पुढे जिला 'राष्ट्रवादी' म्हटलंय तीच) त्या वर्षी देशभरातल्या मतांपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास मतं दिसतात आणि जागा मात्र ८५! नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की साडेतीन टक्क्यांत एवढी मजल कशी मारली? खरी गोष्ट अशी की आयर्लंडच्या दक्षिण आणि पश्चिम भागात पार्नेलच्या माणसासमोर अर्ज भरायला बहुतेक ठिकाणी कुणी पुढेच आलं नाही. पक्ष जिथे सगळ्यात बळकट, तिथेच त्याची मतं शून्य.

म्हणून आता बिनविरोध जागांना पक्षाचाच रंग, पण त्यावर तिरप्या रेघा. टक्केवारीच्या स्तंभात शून्य नाही, कोरी चौकट. शून्य लिहिलं की एक्सेल त्याची सरासरी काढतं आणि सगळा प्रांत फिका पडतो. या एका बदलानंतर आयर्लंडचा नकाशा उघडून बघा. रेघांचा मोठा पट्टा आणि ईशान्येला अल्स्टरमध्ये भरीव रंगांची दाटी. खरी मारामारी कुठे होती ते लगेच दिसतं. १८८५ मध्ये अल्स्टरच्या ३३ जागांपैकी १७ राष्ट्रवादी, १६ हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या. लिबरल पक्षाला एकही नाही. पुढच्या वर्षी तेच आकडे जवळजवळ उलटे. वेस्ट बेलफास्ट तर माझी सगळ्यात आवडती ओळ झाली आहे: १८८५ ला राष्ट्रवादी थॉमस सेक्स्टन हुजूर पक्षाच्या हॅस्लेटकडून ३७ मतांनी पडला आणि १८८६ ला त्याच हॅस्लेटला त्याने १०३ मतांनी पाडलं. तेव्हाच लंडनडेरी शहरात जस्टिन मॅकार्थी ३ मतांनी हरला, पण निकालाविरुद्धच्या अर्जावर जागा शेवटी त्यालाच मिळाली. अशा जागांसाठी तक्त्यात 'जाहीर निकाल' आणि 'अंतिम निकाल' असे दोन स्तंभ ठेवलेत. नकाशावर अंतिम निकालच दाखवतो.

पार्नेलच्या पक्षाचा १८८५ चा ८६ जागांचा आकडा तपासताना एक लक्षात ठेवा: त्यातल्या ८५ जागा आयर्लंडमधल्या, शहाऐंशीवी इंग्लंडमध्ये. लिव्हरपूलच्या 'स्कॉटलंड' नावाच्या विभागातून टी. पी. ओ'कॉनर निवडून आला. त्या वस्तीत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. नावावरून ही ओळ स्कॉटलंडच्या यादीत जाऊ देऊ नका. आणि १८८५ मध्येच लिबरल ३३५ आणि हुजूर २४९ असे आकडे काही ठिकाणी दिसतात, दुसरीकडे लिबरल ३१९. फरक मुख्यतः स्वतंत्र लिबरल वगैरे मंडळींना कुठे धरायचं यातून येतो. मी त्यांना वेगळं ठेवलं आहे. ३३५ वजा २४९ बरोबर ८६ होतात, म्हणजे पार्नेलच्या हातात तराजू आला, हे सांगायला जुना हिशोब सोयीचा. मतदारसंघवार काम करणाऱ्याने मात्र माणसामाणसाचं लेबल तपासावं.

दुसरा मोठा बदल म्हणजे तारखेचा स्तंभ. त्या काळी सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान होत नसे. १८८५ ची निवडणूक २४ नोव्हेंबरला सुरू झाली आणि १८ डिसेंबरला संपली. साधारण शहरं आधी, ग्रामीण मतदारसंघ नंतर. तारखेनुसार नकाशा पुढे सरकवला तेव्हा मला ही निवडणूक खऱ्या अर्थाने कळली. पहिल्या काही दिवसांत हुजूर पक्ष इंग्लंडच्या शहरांमध्ये जोरात आहे. ब्रिटनमधल्या आयरिश मतदारांनी लिबरलांना मतं देऊ नयेत असं पार्नेलच्या पक्षाने मतदानाच्या तोंडावर जाहीर केलं होतं, त्याचाही हा परिणाम मानतात. मग परगण्यांचे निकाल यायला लागतात आणि चित्र फिरतं. नुकताच मताधिकार मिळालेल्या शेतमजुरांनी लिबरलांना सावरलं. अंतिम नकाशा एकदम पाहिला तर हे काहीच दिसत नाही. तारखा वेगवेगळ्या असल्याने आणखी एक गोष्ट शक्य होती: दोन-तीन ठिकाणी मालमत्ता असलेला गृहस्थ रेल्वेने फिरून प्रत्येक ठिकाणी मत देऊ शकत होता, आणि ते कायदेशीर होतं. त्यामुळे मतदारांची एकूण संख्या म्हणजे तेवढी माणसं, असं समजून भागाकार करू नका.

एकाच ओळीवर हे सगळे बदल बघायचे असतील तर लिबरल नेता ग्लॅडस्टनचा स्कॉटलंडमधला मतदारसंघ मिडलोदियन घ्या. १८८० मध्ये त्याला १,५७९ मतं आणि लॉर्ड डॅल्कीथला १,३६८. ज्या प्रचारमोहिमेची एवढी कीर्ती आहे, तिथे दोघांची मिळून तीन हजारही मतं नाहीत. १८८५ मध्ये तिथेच ग्लॅडस्टनला ७,८७९ आणि डॅलरिंपलला ३,२४८. मताधिकार वाढला म्हणजे काय झालं ते या दोन वर्षांच्या आकड्यांत लख्ख दिसतं. १८८६ ला बिनविरोध, म्हणजे आपल्या तिरप्या रेघा. आणि १८९२ ला मताधिक्य ६९० वर घसरलेलं. १८८५ चा मोठा विजय आणि १८९२ ची ओढाताण यांच्यात नेमकं काय घडलं, हे बिनविरोध वर्ष मध्ये आल्याने आकड्यांवरून सांगता येत नाही. मी आलेखात रेघ तिथे तोडली आहे.

काही ठिकाणी तक्ता स्वतःच अडतो. अ‍ॅश्टन-अंडर-लाइन, १८८६: अ‍ॅडिसन ३,०४९, राउली ३,०४९. निर्णय अधिकाऱ्याने आपलं निर्णायक मत हुजूर पक्षाच्या अ‍ॅडिसनला दिलं आणि तो निवडून आला. मी मताधिक्यात ० ठेवून शेऱ्याच्या स्तंभात कारण लिहिलं. दोन सभासदांच्या मतदारसंघांत प्रत्येकाला दोन मतं असत, त्यामुळे पडलेल्या मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त येते. तिथे मतदानाची टक्केवारी काढतच नाही. न्यूकॅसलला १८९२ मध्ये पहिला आला हुजूर पक्षाचा हॅमंड आणि दुसरा लिबरल जॉन मॉर्ली, म्हणजे एका चौकटीत दोन रंग. विद्यापीठांच्या नऊ जागांना जमीनच नाही, त्या समुद्रात छोट्या वर्तुळांनी दाखवल्या आहेत.

आता नवा लेयर. हा मी मनापासून सुरू केला आहे आणि यात मराठी वाचकांचा हात लागावा अशी इच्छा आहे. या निवडणुकांशी मुंबई इलाख्याचा थेट संबंध असलेले मतदारसंघ वेगळ्या चिन्हाने दाखवायचे. आपल्याकडे दादाभाईंपाशी हा विषय थांबतो. प्रत्यक्षात यादी बरीच लांब निघाली.

सर रिचर्ड टेंपल घ्या. १८७७ च्या दुष्काळात मजुरांच्या रोजच्या धान्याचं प्रमाण कमी करणारा, ज्याच्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला तोच. मुंबईचा गव्हर्नर असताना त्याने १८८० मध्ये राजीनामा दिला, कारण त्याला ईस्ट वुस्टरशरमधून निवडणूक लढवायची होती. हरला. १८८५ ला इव्हशॅममधून जिंकला आणि १८९२ ला किंग्स्टनहून. त्याच्यामागून गव्हर्नर झालेला सर जेम्स फर्ग्युसन, ज्याचं नाव पुण्याच्या कॉलेजला आहे. कॉलेज १८८५ च्या जानेवारीत सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फर्ग्युसन मँचेस्टर नॉर्थ ईस्टमधून हुजूर पक्षातर्फे निवडून आला. पुढे त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला मँचेस्टर गार्डियनचा संपादक सी. पी. स्कॉट, आणि प्रत्येक वेळी थोडक्यात हरला. १८९१ ला फर्ग्युसन पोस्टमास्टर जनरल झाला तेव्हा त्याला पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं, कारण मंत्रिपद घेतलं की पोटनिवडणूक लढवायची असा तेव्हाचा नियम होता. ओल्डहॅममधून १८८५ ला निवडून आलेला जे. एम. मॅक्लीन हा बॉम्बे गॅझेटचा जुना संपादक. आणि दुसऱ्या बाजूला विल्यम वेडरबर्न, मुंबई इलाख्यातली नोकरी संपवून गेलेला काँग्रेसचा स्नेही. तो १८९२ ला नॉर्थ एअरशरमध्ये पडला आणि १८९३ च्या पोटनिवडणुकीत बॅन्फशरहून आला.

१८८५ च्या निवडणुकीआधी भारताची बाजू तिथल्या मतदारांपुढे मांडायला तीन प्रतिनिधी गेले होते: मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर, बंगालमधून मनमोहन घोष आणि मद्रासहून सेलम रामस्वामी मुदलियार. त्याच वर्षी लालमोहन घोष डेप्टफर्डमधून उभे राहिले आणि पडले. १८८६ लाही पडले.

दादाभाईंची ओळ मी दोन मतदारसंघांत मिळून ठेवली आहे. १८८६, होबर्न: हुजूर पक्षाचा कर्नल डंकन ३,६५१, लिबरल पक्षाचे दादाभाई १,९५०. डंकन वारल्यावर १८८८ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली. त्यात दादाभाई उमेदवारही नव्हते, पण पंतप्रधान सॉल्सबरीने एडिंबरोच्या भाषणात जुना निकाल काढून, ब्रिटिश मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देतील अशी वेळ अजून आलेली नाही, अशा अर्थाचं विधान केलं. त्यावर इंग्लंडभर गदारोळ झाला आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. मग १८९२, सेंट्रल फिन्सबरी, म्हणजे घड्याळजींच्या कामासाठी प्रसिद्ध असलेला क्लार्कनवेलचा भाग. समोर विद्यमान सभासद कॅप्टन पेन्टन. फरक ३ मतांचा. काही पुस्तकांत ५ छापलेला सापडतो. मी ३ धरून शेऱ्यात ५ चीही नोंद ठेवली आहे. पेन्टनने निकालाविरुद्ध अर्ज केला आणि पुढे मागे घेतला, म्हणून इथे जाहीर आणि अंतिम निकाल एकच.

या ३ मतांकडे बघताना मतदार यादीचा विचार करावाच लागतो. यादीत यायला बारा महिने एका जागी राहणं आवश्यक होतं. भाड्याच्या खोल्यांतून सतत जागा बदलणारे कामगार, आईबापांच्या घरी राहणारी मुलं, मालकाच्या घरात राहणारे नोकर, गरिबांसाठीची सरकारी मदत घेणारे, हे सगळे बाहेर. बायकांना तर मतच नव्हतं. पक्षांचे कार्यकर्ते दरवर्षी यादी तपासणाऱ्या बॅरिस्टरपुढे आपली नावं घालायला आणि समोरच्याची काढायला उभे राहत. मध्य लंडनसारख्या वस्तीत निवडणूक तिथेच अर्धी लढली जाई. दादाभाईंच्या ३ मतांमागे अशी किती वर्षांची नोंदणी असेल, याचा विचार केला की मला त्या आकड्याबद्दल फार आदर वाटतो.

१८९५ ला दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून जिंकले, हुजूर पक्षाकडून, १६० मतांनी. लंडनच्या नकाशावर हे दोन मतदारसंघ एकमेकांपासून फार दूर नाहीत. दोन्ही चिन्हं शेजारी दिसतात, रंग विरुद्ध. दोघंही पारशी, दोघंही मुंबईचे, आणि हिंदुस्थानच्या कारभाराविषयीची मतं एकदम वेगळी. या दोघांना एका चिन्हाखाली ठेवणं मला पटेना, म्हणून चिन्हाच्या आत पक्षाचा ठिपका घातला.

पुढचं काम असं: १८९५ चं स्कॉटलंड पूर्ण करायचं, मग सगळ्या जागा सारख्या आकाराच्या षटकोनांत मांडायच्या, कारण सध्याच्या नकाशावर स्कॉटिश हायलंड्स अर्धी जागा खातात आणि मँचेस्टर, लिव्हरपूल भिंगातून शोधावं लागतं. त्यानंतर त्याच तक्त्याच्या दुसऱ्या पानावर १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याखालचं मुंबई कायदे मंडळ घेणार आहे, जिथे १८९५ मध्ये टिळक मध्य विभागातून निवडून गेले. तिथे मतदार म्हणजे म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डांचे सभासद, त्यामुळे स्तंभ नव्याने आखावे लागतील. लँकशरच्या विभागांच्या सीमा कुणी आधीच आखल्या असतील तर फाइल पाठवा. माझ्याकडे आयर्लंडच्या सगळ्या जागा तपासून तयार आहेत, बदल्यात त्या देतो.