आमची वाटचाल : भोंग्यापासून वाकड्या खांबापर्यंत

वडिलांचा धंदा भोंग्यांचा. लग्न असो, हरिनाम सप्ताह असो, सायकलला मागं दोन भोंगे आणि पुढं बॅटरी बांधून ते सांगलीहून पार तासगावपर्यंत जायचे. मी ॲम्प्लिफायर दुरुस्तीत रमलो, आणि भाड्याचा धंदा स्पीकर बांधणीवर कधी आला ते नेमकं सांगता येणार नाही. पहिला वाकडा खांब, म्हणजे स्पीकरची ओळ बसवलेली उभी कमानदार पेटी, कापला तो दिवस मात्र पक्का लक्षात आहे, कारण गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर सगळा भुसा उडाला होता.

सप्ताहाचं दुखणं जुनंच. पुढच्यांचे कान किटतात आणि मागं बसलेल्या बायकांना कीर्तन कळत नाही. साध्या पेटीचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं पडतो. वाढवावा तर माईक शिट्टी मारतो. स्पीकरची उंच ओळ केली तर जवळच्या पट्ट्यात हीच घसरण ३ डेसिबलवर येते, म्हणून २०१५ साली मी सरळ खांब केला. लांबवर पोचला, पण बसून ऐकलं की एक आवाज आणि उभं राहिलं की दुसरा. प्रत्येक स्पीकर कानापासून वेगळ्या अंतरावर, त्यामुळं वरचे सूर एकमेकांना कापत होते.

त्यावरची तोड अमेरिकेतले लाऊडस्पीकरचे अभियंते डॉन कील यांच्या लेखनात सापडली. मूळ गणित सोनारचं, म्हणजे पाण्याखाली आवाजानं वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचं. अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी ते १९७८ साली मांडलं, आणि २००० च्या सुमाराला कील यांनी लाऊडस्पीकरला लावलं. ओळ कमानीसारखी वाकवायची आणि टोकाकडं जाताना एकेका स्पीकरची ताकद कमी करत न्यायची. खांब थेट जमिनीवर ठेवायचा. जमीन आरशासारखी वागते आणि ५ फुटी खांब १० फुटी असल्यासारखा वाजतो.

३६ अंशाची कमान, उंची ५ फूट, म्हणजे त्रिज्या साडेआठ फूट. एवढा कंपास कुठून आणणार? गच्चीत खिळा ठोकला, सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. सुतळी ताणली की लांबते हे दोन फळ्या वाया गेल्यावर कळलं, मग पत्र्याची पट्टी वापरली. अडीच इंची फुलरेंज (जाड-बारीक सगळे सूर एकटाच वाजवणारे) स्पीकर २४, दोन मध्यांत अंतर ६८ मिलिमीटर. तळाचे ८ पूर्ण ताकदीनं, त्यावर ३-३ डेसिबलच्या पायऱ्या, शेंड्याचे १२ डेसिबलनं खाली. हे सगळं सिरीज-पॅरलल जोडण्या आणि रेझिस्टर यांवर बसवलं. ६८ मिलिमीटर म्हणजे ५ हजार हर्ट्झची तरंगलांबी. त्याच्या वर आवाज थोडा विस्कटतो. बोलणं आणि टाळ यांना चालतं, सतारीच्या शौकिनाला मी आधीच सांगून ठेवतो. पखवाजाच्या घुमाऱ्याला वेगळा सब, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर, लागतोच.

मिरजेतले एक तंबोरा बनवणारे कारागीर ऐकायला आले होते. डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "खालनं सहाव्याला जवारी लागलीय." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची झणझण. उघडून बघितलं तर सहाव्या स्पीकरमागची वायर त्याच्या हलत्या पडद्याला घासत होती. माझ्या मीटरवर काहीच दिसलं नव्हतं.

पहिल्याच जाहीर कार्यक्रमात मात्र फजिती झाली. सतरंजीवर बैठक, खांब दोन्ही बाजूंना जमिनीवर. माणसं दाटीवाटीनं खांबाला खेटून बसली आणि तळाचे ८, म्हणजे सगळ्यात ताकदीचे, पुढच्या ओळीच्या पाठींनी झाकले गेले. मागं आवाज पोचलाच नाही. आयोजकांनी पैसे दिले, पुन्हा बोलावलं नाही.

वडील तिथं होते. घरी येताना म्हणाले, "आवाज वरनं सोडायचा असतो, लेका. माणसांच्या पोटात कशाला सोडतोस?"

हे मला सुचायला हवं होतं. जमीन आरसा होत असेल तर छत का नाही? खांब उलटा करून स्लॅबला चिकटवला. ताकदीचं टोक छताला, शेंडा खाली. आवाजाचा मुख्य झोत छतालगत सरळ मागं जातो आणि पुढच्यांवर नुसती त्याची कड पडते. पुढच्या आणि मागच्या आवाजातला फरक उतरला, आणि पाठ आडवी येण्याचा प्रश्नच राहिला नाही. समाजमंदिर, मंगल कार्यालय, मशिदीचा हॉल, जिथं सिमेंटचा स्लॅब आहे तिथं आमचं काम. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला मी नाही म्हणतो. तसेच मिरवणुकीची गिऱ्हाइकंही परत पाठवतो. आमच्याकडं कुठल्याही मोठ्या स्पीकरला डॉल्बी म्हणतात आणि पहिला प्रश्न असतो, "छाती हादरंल का?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. मारुती चौकाजवळची आमची खोली बुडाली. पाणी उतरल्यावर एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, खांब चहातल्या बिस्किटासारखे फुगलेले, हात लावला की गळत होते. प्लायवूडचे दोन धुऊन, वाळवून आजही वाजतात. तेव्हापासून एमडीएफ बंद, आणि वर्कशॉप कुपवाडला.

आता आम्ही चौघं आहोत. प्रत्येक खांबाच्या ताकदीच्या टोकाला लाल रंगात ‘छत’ असं लिहितो. तरी परवा एका फिटरचा फोन आलाच, "मालक, खांब उलटा आलाय, नाव वर जातंय."